चोवीस तुळशींचे पाणी

बाई, आज सकाळी मी चोवीस तुळशींचे पाणी बंद केले. हे वाक्य दुसऱ्या कुणाला लिहिले असते तर पुढे दोन ओळी सारवासारवीच्या लिहाव्या लागल्या असत्या. तुम्हाला लागणार नाहीत. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागे हिरव्या जाळीचे एक छप्पर आहे, त्याखाली माझ्या बहात्तर कुंड्या आहेत. पहिल्या चोवीस कुंड्यांना हवे तेवढे पाणी, दुसऱ्या चोवीस कुंड्यांना त्याच्या निम्मे, आणि तिसऱ्या चोवीस कुंड्यांना आजपासून जवळजवळ काहीच नाही. चैत्र संपत आला आहे. सकाळी दहापर्यंत ग्वाल्हेरची हवा ठीक असते, मग मैदानाच्या बाजूने कोरडा वारा सुरू होतो. पंधरा दिवसांत त्याची भाजणारी लू होईल आणि थाटीपुरापासून लष्करापर्यंत दुपारचे रस्ते ओस पडतील. माझ्या कामाला तेच दिवस लागतात. पाणी तुटल्यावर तुळस काय करते, हे पाहून लिहून ठेवणे हे माझे काम आहे. गेल्या वर्षीही मी हेच केले होते. ते फुकट गेले, आणि ते का फुकट गेले हे मी तुम्हाला सांगायला बसले आहे.

तुम्ही गेलात त्याला आता बारा वर्षे झाली. तुमच्या हाताखाली मी आठवी आणि नववी केली. आपल्या मराठी शाळेत तेव्हा वर्गात एकोणीस मुले होती आणि पहिला क्रमांक माझा असे, हे सांगण्यात काही विशेष नाही. एकोणिसांत कुणाचा तरी असतोच. आठवीत तुम्ही आम्हाला मेथीचा प्रयोग दिला होता. व्हरांड्यात चार पसरट कुंड्या, एकीत साधे पाणी, बाकी तिन्हींत वाढत्या मिठाचे पाणी, आणि रोज मधल्या सुट्टीत पट्टी लावून उंची मोजायची. प्रयोगवहीत तक्ता आखायचा, तारीख, उंची, शेरा. मी तक्ता लाल आणि निळ्या शाईने आखला होता. पंधराव्या दिवशी तुम्ही वह्या तपासायला घेतल्या, माझी वही उघडली आणि चष्मा वर केला. मी टेबलाजवळ उभी आहे, अंगठ्याने ओढणीचे टोक गुंडाळते आहे, आणि तुम्ही मला ऐकू येईल अशा आवाजात नव्हे, शेवटच्या बाकाला ऐकू येईल अशा आवाजात विचारता आहात, "रविवारी शाळेला कुलूप होतं. तू काय भिंत चढून आलीस?"

रविवारचा रकाना मला रिकामा पाहवला नव्हता. शनिवारची उंची आणि सोमवारची उंची यांच्या मधली संख्या मी काढली होती, आणि ती बरोबरच असणार याची मला खात्री होती. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. "गणित बरोबर असेल," तुम्ही म्हणालात, "पण तू मेथीला विचारलं नाहीस. माहीत नसेल तर जागा रिकामी ठेवायची आणि शेजारी कारण लिहायचं. रिकामी जागा म्हणजे नापास नव्हे." त्याच पानावर खाली मी लिहिले होते, 'बिचारे रोप मिठाचा त्रास सहन करते.' तुम्ही 'बिचारे' खोडलेत, मग थोडे थांबून 'सहन' खोडलेत. "काय करतं ते लिही. झाड नुसतं बसून राहत नाही." पुढचे सहा महिने मला वर्गात कुणी नावाने हाक मारली नाही. "ए संडे, पट्टी दे." "संडे, आज भिंत चढली का?" मी उत्तर देत नसे. उत्तर न देणे मला तेव्हाही छान जमत असे.

त्या सत्राच्या शेवटी तुम्ही मला एका दुपारी घरी बोलावलेत. दाना ओलीतला तो अरुंद जिना, खाली धान्याच्या पोत्यांचा वास, वर तुमच्या दोन खोल्या. मला वाटले होते की पुन्हा तीच गोष्ट निघेल. तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर बसून मोहरी फेसत होतात. माझ्या हातावर चार दाणे ठेवलेत. "चावू नकोस. नुसते जिभेवर धर." काही लागले नाही. मग तुम्ही पाटा माझ्याकडे सरकवलात, पाण्याचे चार थेंब टाकलेत आणि म्हणालात, "आता वाट." मी वाटले, आणि दोन मिनिटांत ते नाकातून कपाळापर्यंत चढले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहते आहे आणि तुम्ही शांतपणे सांगता आहात की दाण्यात दोन पदार्थ वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेले असतात; दाणा चिरडला की मधली भिंत पडते, दोघे भेटतात, आणि तेव्हा कुठे हा झणका तयार होतो. "चावणाऱ्यासाठी तयार ठेवलेलं उत्तर आहे ते. पळून जाता येत नाही ना मोहरीला." मग तुम्ही मला काकडीची कोशिंबीर वाढलीत आणि एक पितळी मुठीचे भिंग दिलेत, तेही कागदात न गुंडाळता, वाटी द्यावी तसे. मी वनस्पतिशास्त्राकडे का वळले असे मला मुलाखतीत विचारले, तेव्हा मी दुसरेच काहीतरी सांगितले होते. खरे उत्तर हे होते, पण ते हिंदीत नीट सांगता येईना, आणि 'मोहरी फेसणे' याला इंग्रजीत काय म्हणतात हे मला आजही माहीत नाही.

तर तुळस काय करते ते सांगते. माती सुकू लागली की मुळांना ते आधी कळते. मग झाडात ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते, ते पानांपर्यंत पोहोचते, आणि पानांवरची पर्णरंध्रे मिटू लागतात. पाणी बाहेर जायचे थांबते, पण त्याच दारातून हवा आत येत असल्यामुळे अन्न तयार करण्याचे कामही मंदावते. म्हणजे झाड वाढ सोडून पाणी राखते. पेशींमध्ये प्रोलीन नावाचे अमिनो आम्ल साठू लागते, त्यामुळे उरलेले पाणी पेशीत धरून ठेवता येते. आणि पानांवर ज्या बारीक ग्रंथी असतात, तुम्ही दिलेल्या भिंगातून त्या पिवळट टिंबांसारख्या दिसतात, त्यांच्यातले तेल वाढते. म्हणून निम्म्या पाण्यावरची तुळस भरपूर पाण्यावरच्या तुळशीपेक्षा जास्त उग्र वास देते. पण याला मर्यादा आहे. तहान फार वाढली की पाने गळतात, नवे तेल तयार होत नाही, आणि हा सगळा बंदोबस्त कोलमडतो. तो नेमका कुठे कोलमडतो हे शोधण्यासाठीच तिसरा गट असतो.

गेल्या वर्षी तिसरा गट कोलमडला नाही. दर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कुंड्या काट्यावर ठेवून वजन करत असे. ठरलेल्या वजनाच्या खाली गेली तर तेवढेच पाणी घालायचे, असा नियम. वैशाख लागला आणि तिसऱ्या गटाची वजने उतरायची जवळजवळ थांबली. मला एकदाही पाणी घालावे लागले नाही. मी वहीत लिहिले की पर्णरंध्रे लवकर आणि घट्ट मिटली असावीत. पाने लहान झाली होती पण हिरवी होती, आणि तेल काढले तर ते दुसऱ्या गटाच्याही वर निघाले. माझे मार्गदर्शक सर सहसा कुणाचे कौतुक करत नाहीत. त्यांनी आलेख दोनदा पाहिला, खुर्ची मागे सरकवली आणि म्हणाले, "अरे वाह. ये तो किसी ने सोचा नहीं होगा." एका परिषदेसाठी सारांश पाठवायचा ठरला. त्या आठवड्यात मी घरी जेवताना आपणहून बोलले, असे आईने बाबांना सांगितल्याचे मी ऐकले.

जाळीघराची झाडलोट आणि राखण एका काकूंकडे आहे. त्या बिर्ला नगरात राहतात. यजमान मिलमध्ये होते. मिल बंद पडल्यापासून घर काकूंच्या रोजंदारीवर चालते. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून आले, माझे पूजेअर्चेसाठी आले, आणि आता या विभागात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच आहोत. त्यांची मराठी अर्धी हिंदी आहे आणि माझी पुस्तकातली. गेल्या वैशाखाच्या शेवटी एका सकाळी शेवटच्या पानांचे नमुने घ्यायचे होते म्हणून मी अकराऐवजी साडेसातला गेले. काकू ओल्या केसांनी तिसऱ्या गटाच्या रांगेत उभ्या होत्या. हातात तांब्याचा लोटा. एका कुंडीत पाणी घालायचे, बोटे टेकवून ती कपाळाला लावायची, आणि पुढच्या कुंडीकडे जायचे.

"काकू, हे काय?"

"अगं बेटा, आज जल्दी आलीस?" त्या जराही दचकल्या नाहीत. "वैशाख आहे ना. आंघोळ करून तुळशीला पाणी घातल्याबिगर मी तोंडात पाणी घेत नाही. घरी एकच आहे. इथे तर बघ, किती आहेत."

"पण या कुंड्यांना पाणी द्यायचं नव्हतं."

"तेच तर! यांनाच कुणी देत नव्हतं. त्या गमल्यांना तू देतेस, मी बघते ना. यांना विसरून जातेस. मी म्हटलं, पोरगी पुस्तकात असते, राहून जात असेल. साहेब रागावतील म्हणून मी कुणाला बोलले पण नाही."

म्हणजे महिनाभर त्या माझी चूक झाकत होत्या. कुंड्यांवर इंग्रजी अक्षरांच्या पट्ट्या होत्या, त्या काकूंना वाचता येत नाहीत. आणि तोंडाने सांगायचे तर मी त्या साऱ्या महिन्यात काकूंशी 'किल्ली द्या' आणि 'किल्ली घ्या' यापलीकडे एक वाक्य बोलले नव्हते. मी त्यांना तिथेच, कुंड्यांच्या मध्ये उकिडवे बसून, प्रयोग समजावून सांगितला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. "म्हणजे मुद्दाम प्यासं ठेवायचं?" "हो." "तुळशीला?" "हो." "वैशाखात?" मी हो म्हटले. त्यांनी लोट्यात उरलेल्या पाण्याकडे पाहिले आणि ते जाळीबाहेरच्या गवतावर ओतले. 

मी तीन दिवस कुणाला सांगितले नाही. त्या तीन दिवसांत मी काय करत होते ते तुम्हाला ओळखीचे वाटेल. मी मधली संख्या शोधत होते. ठराविक अंतराने थोडे पाणी देणे हीसुद्धा प्रयोगाची एक रीत आहे. काकूंनी रोज किती पाणी घातले ते कळले तर तिसऱ्या गटाला दुसरे नाव देऊन काम वाचवता आले असते. मी वही घेऊन त्यांच्याकडे गेले. "रोज एक-एक लोटा," त्या म्हणाल्या. मी लिहिले. "पूर्ण लोटा नाही हं, चार गमल्यांत एक. सोमवारी मात्र जास्त." मी खोडले. "आणि मधे मी बहिणीकडे मुरारला गेले तर चार दिवस नाही. की पाच? पता नाही. आणि कोपऱ्यातल्या त्या दोन छोट्या होत्या ना, त्यांना मी जरा वरून द्यायची. लहान आहेत म्हटलं." मी पेनाला टोपण लावले. हा असा रविवार होता की ज्याची संख्या निघणार नव्हती. सारांश पाठवायची मुदत चौथ्या दिवशी होती. सांगितले तर पूर्ण हंगाम जाणार होता, कारण हे ऊन पुन्हा वर्षानेच येते, आणि माझ्या संशोधनाच्या मुदतीत त्यानंतर एकच उन्हाळा शिल्लक होता. न सांगितले तर सरांच्या नावासकट एक खोटी गोष्ट छापली जाणार होती, आणि ती वाचून कुणीतरी कुठेतरी पाणी तोडले असते आणि त्याची तुळस वाळली असती.

चौथ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीत गेले. बसायला सांगितले तरी उभी राहिले. जिन्यात पाठ केलेले वाक्य म्हटले, "सर, जिस सेट में पानी नहीं देना था, उसमें पानी पड़ता रहा है."

सरांनी पेन खाली ठेवले. "कब से?"

"शुरू से, सर."

"किसने डाला?"

दार उघडे होते. बाहेर काकूंच्या झाडूचा आवाज येत होता. त्याच्या आदल्या वर्षी फाटक उघडे राहून वाफ्यात जनावर शिरले, तेव्हा एका रोजंदारीवाल्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितले गेले होते.

"मैंने," मी म्हटले.

सरांनी सारांशाचा कागद बाजूला सरकवला. मग म्हणाले, "पुण्य कमाना था तो मंदिर जातीं, पीएचडी में क्यों आईं?" ते एवढेच बोलले, पण त्यांचा आवाज मोठा आहे आणि आमचा मजला लहान आहे. सारांश पाठवायचा रद्द झाला. माझ्या तिसऱ्या गटाची पाने, तेलाच्या बाटल्या आणि आलेख एका खोक्यात गेले. प्रबंधाच्या तक्त्यात त्या वर्षीचा तो रकाना रिकामा आहे आणि तळटीप आहे की संशोधिकेच्या हातून पाणी दिले गेल्यामुळे नोंदी वगळल्या.

दुपारी मी डबा उघडून बसले होते तर काकू आल्या. पदर खोचलेला, हातात झाडू तसाच.

"तू साहेबांना सांगितलंस की पाणी तू घातलं?"

मी मान हलवली.

"वाह! आंघोळ माझी, लोटा माझा, बिर्ला नगरहून चालत येणार मी, आणि पुण्य तुझं?"

मला वाटले त्या थट्टा करत आहेत, म्हणून मी हसले. त्या हसत नव्हत्या. "अगं, मी सांगितलं असतं ना त्यांना. मला काय भीती? काढतील तर काढतील, चार घरची भांडी घासीन. मी काय चोरी केली? तुळशीला पाणी दिलं." असे म्हणून त्या खरोखरच सरांच्या खोलीकडे वळल्या. मी उठले आणि त्यांचा हात धरला. मी कुणाचा हात सहसा धरत नाही. "नका सांगू, काकू. आता सांगितलंत तर मी खोटी पडेन." काकूंनी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग माझ्या उघड्या डब्याकडे पाहिले. "आधी जेव," त्या म्हणाल्या. "इतकी हुशार आहेस आणि बोलता तेवढं येत नाही तुला."

यंदा मी आधी बोलले. आठवड्यापूर्वी काकूंना घेऊन सगळ्या रांगा फिरले, कुठली कुंडी कशासाठी हे सांगितले, आणि पट्ट्यांवर मराठीत लिहिले, कारण देवनागरी त्या सावकाश वाचतात. त्यांनी एक अट घातली. जाळीघराच्या दाराबाहेर एक तुळस वेगळी लावायची, ती त्यांची. रोजचे पाणी तिला, आणि आतल्या चोवीस जणींचे त्यातच आले असे समजायचे. असे समजल्याने माझ्या नोंदींत काही फरक पडत नाही, म्हणून मी मान्य केले. आज सकाळी त्या तिला पाणी घालत होत्या तेव्हा मी आत वजने लिहीत होते. तिसऱ्या गटाची पाने अजून जशीच्या तशी आहेत. तहान त्यांना आज रात्रीपर्यंत कळणारही नाही.

घरी मी आईला खरे सांगितले आहे. तिला या गोष्टीचा अभिमान वाटतो. काकूंची नोकरी वाचावी म्हणून मी आळ स्वतःवर घेतला, असे ती मावशीला फोनवर सांगते, आणि मी पलीकडच्या खोलीत ऐकत असते आणि तिला थांबवत नाही. वर तुम्हाला लिहितानाही मी झाडूचा आवाज आणि तो काढून टाकलेला माणूस 'मैंने' या शब्दाच्या आधी ठेवला आहे. तो क्रम चुकीचा आहे. तुम्ही वारलात तेव्हा मी दाना ओलीच्या तोंडापर्यंत आले होते आणि जिन्यावर उभ्या असलेल्या लोकांना पाहून परत गेले होते. हेही मी कधी कुणाला सांगितले नाही, आणि हे पत्रही मी वहीतून फाडणार नाही, त्यामुळे लिहायला हरकत नाही. सरांनी विचारले, किसने डाला. काकूंचे नाव घेतले असते तर त्यांनी काकूंना आत बोलावले असते, दोघे मोठ्याने बोलले असते, आणि मला त्या दोघांच्या मध्ये उभे राहून वैशाख, लोटा, सोमवार हे सगळे समजावून सांगावे लागले असते. 'मैंने' म्हटले की बोलणे संपत होते. काकूंची नोकरी मला तेव्हा आठवलीच नाही, बाई. ती खाली उतरताना जिन्यात आठवली.